जुनी सिस्टीम, नवे यंत्र

एका संगणकातली हार्ड डिस्क काढून वेगळ्याच मदरबोर्डच्या दुसऱ्या संगणकात बसवली, तर तिच्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होईल का? २००२-०३च्या सुमारास विंडोज एक्सपीबद्दल हा प्रश्न विचारला असता, तर जाणकाराने बहुधा नकारार्थी मान हलवली असती. निळा पडदा येईल, डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावी लागेल, हे त्याचे उत्तर ठरलेले होते. पण त्याच काळात जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी तयार केलेली ‘नॉपिक्स’ ही लिनक्सची सीडी पूर्वी कधीही न पाहिलेल्या संगणकात घातली, तरी बहुतेक वेळा पडदा, आवाज, नेटवर्क यांसह काही मिनिटांत कामाला लागत असे. दोन्ही बाजूंना यंत्रे तीच होती, प्रोसेसर आणि चिपसेटही तेच. म्हणजे यंत्रे वेगवेगळी असणे हे अडचणीचे खरे कारण नव्हते. सिस्टीमने यंत्राशी ओळख केव्हा करून घ्यायची आणि ती कायमची लिहून ठेवायची की दर वेळी नव्याने करायची, हा बनवणाऱ्याचा निर्णय होता आणि अडचण त्यातून आली होती. साठ वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर ही तांत्रिक गाठ टप्प्याटप्प्याने सुटत गेलेली दिसते. आज जी अडचण उरली आहे ती मुख्यतः परवानगीची आहे, आणि ती ग्राहकाने निमूटपणे स्वीकारावी असे काही नाही.

या इतिहासाची सुरुवात ७ एप्रिल १९६४ या दिवसापासून करणे योग्य ठरेल. त्या दिवशी आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोपर्यंत आयबीएमचे १४०१ आणि ७०९० हे संगणक एकाच कंपनीचे असूनही एकमेकांना परके होते. एकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे आणि मोठे यंत्र घ्यायचे म्हणजे केलेले काम पुन्हा करायचे. जीन अमडाल, फ्रेडरिक ब्रुक्स आणि गेरिट ब्लाव यांनी ३६० मालिकेतील लहानमोठ्या यंत्रांसाठी आज्ञांचा एकच संच ठरवला. लहान यंत्रावरचा प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावर जसाच्या तसा चालावा, हे त्यामागचे तत्त्व होते. जुन्या १४०१च्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून काही मॉडेलांमध्ये १४०१ची नक्कल करण्याची सोयही दिली गेली. प्रोग्रॅमचा प्रश्न असा सुटला, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा सुटला नाही. ओएस/३६० बसवताना ‘सिस्टीम जनरेशन’ नावाची लांबलचक प्रक्रिया करावी लागे. आपल्याकडे कोणते टेप ड्राइव्ह आहेत, किती डिस्क आहेत, कोणता प्रिंटर कोणत्या पत्त्यावर आहे, हे सारे आधी लिहून द्यायचे आणि मग त्या एका संगणक-केंद्रापुरती सिस्टीम घडवून घ्यायची. यादीत नसलेले उपकरण त्या सिस्टीमच्या लेखी अस्तित्वातच नसे. हे त्या काळी समजण्यासारखे होते. मॉडेल ३०ची स्मृती ८ ते ६४ किलोबाइट एवढीच. तीत न लागणाऱ्या उपकरणांसाठी जागा अडवणे परवडणारे नव्हते.

ऐपत नसताना घेतलेले असे निर्णय पुढे रीत होऊन बसतात. एका यंत्रावरचे काम दुसऱ्या यंत्रावर नेणे इतके अवघड होते की त्याचा एक व्यवसायच उभा राहिला आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४च्या सुमारास परदेशासाठी केलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक काम याच जातीचे होते. रुग्णालयांसाठीची एक संगणकप्रणाली बरोज कंपनीच्या एका मालिकेच्या कोबोलमधून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये उतरवायची होती, आणि ते काम भारतात उपलब्ध असलेल्या आयसीएल या तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर झाले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या पायात असे स्थलांतराचे दगड आहेत. यंत्रे एकमेकांशी जुळत नसल्याची किंमत कुणीतरी मनुष्यबळाने मोजत होते, एवढे यातून दिसते.

सत्तरच्या दशकात लहान संगणक आले तेव्हा हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला. डझनावारी कंपन्या आपापल्या मनाप्रमाणे यंत्रे बनवत होत्या. त्यावर कॅलिफोर्नियातील गॅरी किल्डॉल यांनी आपल्या ‘सीपी/एम’ या सिस्टीममध्ये जो उपाय केला, तो पुढच्या सगळ्या घडामोडींचा पाया ठरला. त्यांनी यंत्राशी थेट बोलणारा छोटा भाग बाजूला काढला आणि त्याला ‘बायॉस’ म्हटले. फाइली सांभाळणारा मोठा भाग यंत्राबद्दल अनभिज्ञ राहिला. नवा संगणक आला की फक्त बायॉस नव्याने लिहायचा. बाकी सिस्टीमला हात लावायचा नाही. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये हा भाग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेला. मग कॉम्पॅकने स्वतःचा सुसंगत बायॉस लिहिला, फिनिक्ससारख्या कंपन्यांनी तसा बायॉस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली आणि पीसीच्या प्रतिकृतींचा बाजार फुलला. याचा एक परिणाम आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. डॉसची डिस्क एका पीसीमधून काढून दुसऱ्यात बसवली, तर ती सहसा मुकाट्याने सुरू होत असे. साउंड कार्डसारख्या उपकरणाचा ड्रायव्हर बदलायचा, तर ‘कॉन्फिग डॉट सिस’ या साध्या मजकुराच्या फाइलीत एखादी ओळ बदलली की भागे. यंत्राची ओळख यंत्राजवळच, त्याच्या चिपमध्ये राहत होती. म्हणूनच सिस्टीम मोकळेपणाने इकडून तिकडे जाऊ शकत होती.

मग नव्वदच्या दशकात आपण मागे का गेलो? विंडोज एनटीची कथा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवलेले डेव्हिड कटलर मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली एनटी बाहेर पडली. ती सुरुवातीपासूनच एकाहून अधिक जातींच्या प्रोसेसरवर चालावी अशा बेताने लिहिलेली होती. इंटेलबरोबर मिप्स आणि अल्फा या प्रोसेसरांवरही ती चालली. त्यासाठी तिच्या तळाशी ‘हार्डवेअर अॅब्स्ट्रॅक्शन लेयर’ नावाचा थर होता. मदरबोर्डांमधले फरक त्या थराने पचवायचे आणि वरच्या कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, त्याची झळ लागू द्यायची नाही, अशी रचना होती. म्हणजे किल्डॉल यांचाच विचार अधिक प्रगल्भ रूपात. तरीही घडले भलतेच. एनटीचा मूळ कोड एका प्रोसेसरवरून पूर्णपणे वेगळ्या प्रोसेसरवर जाऊ शके, पण एकदा बसवलेली एनटी, किंवा तिचे पुढचे अवतार विंडोज २००० आणि एक्सपी, इंटेलच्याच दोन भिन्न चिपसेटच्या संगणकांमध्ये सहसा जाऊ शकत नसत. कारण त्या थराचे अनेक प्रकार होते आणि इन्स्टॉल करताना सेटअप प्रोग्रॅम त्यांपैकी एक निवडून डिस्कवर कायमचा ठेवून देत असे. तयार करणाऱ्याच्या हाती लवचीकता होती. वापरणाऱ्याच्या हाती आली ती गोठलेली प्रत.

यातला सर्वांत मोठा अडसर डिस्क-कंट्रोलरचा होता आणि त्याची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. संगणक सुरू होताना पहिली काही सेकंदे डिस्क वाचण्याचे काम बायॉस करतो. त्याच्या मदतीने कर्नल, हार्डवेअरचा तो थर, विंडोजच्या नोंदी जिथे असतात त्या रजिस्ट्रीचा एक भाग आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर स्मृतीत येतात. त्यानंतर कर्नल सूत्रे हाती घेतो आणि पुढे डिस्क वाचण्यासाठी स्वतःच्या ड्रायव्हरवर विसंबतो. सुरुवातीला कोणता ड्रायव्हर उचलायचा, हे रजिस्ट्रीत जुन्या यंत्राप्रमाणे लिहिलेले असते. नव्या मदरबोर्डवर कंट्रोलर दुसरा असेल, तर कर्नलला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होते, आणि ‘७बी’ या क्रमांकाचा निळा पडदा समोर येतो. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर पुष्कळदा त्याच डिस्कवर पडलेला असे. फक्त तो सुरुवातीला उचलायच्या यादीत नसे. म्हणूनच त्या काळी माहीतगार तंत्रज्ञ डिस्क हलवण्याआधी रजिस्ट्रीत सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हरची नोंद करून ठेवत, आणि एवढ्या छोट्या तयारीने सिस्टीम नव्या यंत्रावर उभी राहत असे. चार नोंदींनी सुटणाऱ्या प्रश्नाला तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणता येत नाही. ती बनवणाऱ्याने न केलेली सोय होती.

ही सोय नसल्यामुळे जगभर एक रीत पडली आणि आपल्याकडे ती विशेष रुजली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला ‘असेंबल्ड’ संगणक हा भारतीय मध्यमवर्गाचा पहिला संगणक असे. असा संगणक कधीच पूर्ण होत नाही. आज मदरबोर्ड जातो, उद्या प्रोसेसर बदलतो. अशा यंत्रांच्या देशात बसवलेली सिस्टीम हलवता न येणे म्हणजे दर दुरुस्तीला फॉरमॅट आणि दर फॉरमॅटला विंडोज टाकून देणाऱ्याची वाट पाहणे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये आणि कार्यालयांमध्ये तीस-चाळीस संगणकांवर एकसारखी सिस्टीम टाकण्यासाठी ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम वापरला जाऊ लागला. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या बायनरी रिसर्चने तो बनवला होता आणि १९९८ साली सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. घोस्ट डिस्कची हुबेहूब प्रत काढत असे. पण ती प्रत सारख्याच यंत्रांवर नीट चाले. वेगळे यंत्र आले की पुन्हा निळा पडदा. शेवटी मायक्रोसॉफ्टनेच ‘सिसप्रेप’ हे साधन दिले. सिस्टीममधली यंत्राची ओळख पुसून टाकायची आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती नव्याने करून घ्यायला लावायची, एवढेच त्याचे काम. हे साधन मोठ्या संस्थांसाठी होते. घरच्या ग्राहकाला ते असल्याचा पत्ताही नव्हता. पण ओळख पुसता येते आणि पुन्हा करून घेता येते, याचा पुरावा त्याच्या रूपाने निर्मात्यानेच दिला होता.

दुसरा पुरावा लिनक्सचा. लिनक्सच्या वितरणांत कर्नलबरोबर शेकडो ड्रायव्हर सुट्या स्वरूपात येतात आणि सुरू होताना समोर जे उपकरण सापडेल त्याचा ड्रायव्हर उचलला जातो. त्यामुळे नॉपिक्ससारखी सीडी शक्य झाली. इथे सगळे आदर्श होते असे मात्र नाही. काही काळ नेटवर्क कार्डाचे नाव त्याच्या क्रमांकाशी बांधून फाइलीत लिहिले जाई. डिस्क दुसऱ्या यंत्रात नेली की जुने नाव अडून बसे आणि नेटवर्क बंद पडे. डेबियनमध्ये सुरुवातीच्या स्मृती-प्रतिमेत बहुतेक सगळे ड्रायव्हर ठेवायचे की फक्त सध्याच्या यंत्रापुरते, हे एका सेटिंगने ठरते. दुसरा पर्याय निवडला तर लिनक्सही एक्सपीसारखीच एका जागी खिळते. मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. एकच कर्नल, एकच यंत्र, आणि एका ओळीच्या निवडीवर सिस्टीम जाऊ शकते किंवा अडते. मायक्रोसॉफ्टनेही पुढे हाच मार्ग धरला. २००७ सालच्या व्हिस्टापासून हार्डवेअरच्या थराचा प्रकार आधी कायमचा ठरवून ठेवण्याची सक्ती संपली आणि एकच प्रतिमा वेगवेगळ्या यंत्रांवर उतरवता येऊ लागली. विंडोज १०ची डिस्क दुसऱ्या संगणकात बसवली, तर बहुतेक वेळा ती थोडा वेळ घेते, नवी उपकरणे ओळखते आणि सुरू होते. व्हीएमवेअरने १९९९पासून पीसीवर आणलेल्या आभासी यंत्रांनी तर, निदान सर्व्हरच्या जगात, प्रत्यक्ष यंत्र कोणते हा प्रश्नच सिस्टीमच्या नजरेआड केला. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ही कल्पना १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरात होती.

तंत्राची गाठ अशी सुटत असताना दुसरी गाठ बसत गेली. २००१ साली एक्सपीबरोबर ‘अॅक्टिव्हेशन’ आले. प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड अशा सुमारे दहा भागांवरून यंत्राची खूण काढली जाई आणि त्यांतले पुरेसे भाग बदलले की परवाना पुन्हा सिद्ध करावा लागे. संगणक बनवणाऱ्या कंपनीने आधीच बसवून दिलेल्या विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डच्या बायॉसशी बांधला गेला. विंडोज ८पासून त्याची किल्ली यंत्राच्या फर्मवेअरमध्येच बसू लागली. अॅपलच्या टी२ चिप असलेल्या संगणकांमध्ये, आणि त्यानंतरच्या अॅपल सिलिकॉन यंत्रांतही, साठवणीवरची माहिती त्या यंत्रातल्या सुरक्षा-चिपशिवाय उलगडत नाही. ज्या ओळखीपासून सिस्टीमला मोकळे करायला इतकी वर्षे गेली, ती ओळख आता मुद्दाम पुन्हा लिहिली जाऊ लागली.

सिस्टीम मोकळेपणाने हलवू देण्याविरुद्ध जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. पहिला आक्षेप असा की जुनी सिस्टीम नव्या यंत्रावर ओढून नेण्यापेक्षा नव्याने टाकणेच बरे. जुन्या ड्रायव्हरांचा कचरा राहत नाही, यंत्र चपळ राहते. घरगुती वापरापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण बसवलेली सिस्टीम हे जमलेले बिऱ्हाड असते. त्यातली प्रत्येक वस्तू पुन्हा बाजारात मिळेलच असे नाही. मराठी छपाईचेच पाहा. युनिकोडपूर्व काळात मराठी डीटीपीची अनेक पॅकेजे संगणकाच्या प्रिंटर-पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकसह येत, आणि प्रत्येकाची फाँटची सांकेतिक मांडणी निराळी असे. त्या काळातली पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांच्या फाइली त्या फाँटशिवाय उघडल्या तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट सहसा नसतो, आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचे तर मूळ सीडी किंवा विक्रेता सापडेलच याची खात्री नसते. प्रयोगशाळेतली मोजमापाची उपकरणे, कारखान्यातली नियंत्रक यंत्रे यांची स्थिती हीच. अशा ठिकाणी ‘नव्याने टाका’ हा सल्ला म्हणजे ‘विसरून जा’ हा सल्ला असतो.

दुसरा आक्षेप परवान्याचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने पैसे कसे मिळवायचे? यंत्राबरोबर मिळणारा परवाना स्वस्त असतो तो त्या यंत्रापुरता असतो म्हणूनच, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग निःसंशय रास्त आहे. पण प्रत काढणे आणि जागा बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने यंत्र बंद करून तीच सिस्टीम नव्यावर नेणाऱ्याने दुसरी प्रत घेतलेली नसते. हा फरक व्यवहारात पाळता येतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः दाखवले आहे. २०१६च्या सुधारणेनंतर विंडोज १०चा परवाना खात्याशी जोडून हार्डवेअर बदलल्यावर पुन्हा चालू करण्याची वाट उघडली गेली. स्वस्त परवान्याची अट मान्य करायची, तर ती विकत घेताना ग्राहकाला ठळकपणे सांगितली पाहिजे. यंत्र बिघडल्यावर ती कळणे हा करार नव्हे.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तोच सर्वांत वजनदार आहे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपची डिस्क दुसऱ्या यंत्रात वाचता आली, तर मालकाची सगळी माहिती चोराच्या हाती जाते. त्यामुळे ती यंत्राच्या चिपशी बांधलेली बरी. हे मान्य केलेच पाहिजे. पण चोराला अडवण्यासाठी मालकालाही अडवावे लागते असे नाही. विंडोजच्या बिटलॉकरमध्ये चिप बदलली तरी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीने डिस्क उघडते. लिनक्समधली सांकेतिक डिस्क परवलीचा शब्द माहीत असेल तर कोणत्याही यंत्रावर उघडते. दोन्हींत सुरक्षा आहे आणि दोन्हींत शेवटचा शब्द मालकाचा आहे. ज्या रचनेत मालकाकडे अशी कोणतीच किल्ली नसते, तिथे मदरबोर्ड जळला की माहितीही गेली. अशा रचनेने चोराबरोबर मालकालाही दाराबाहेर ठेवलेले असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला, आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपसारख्या अटींमुळे कितीतरी चांगली चालणारी यंत्रे विंडोज ११च्या अधिकृत यादीबाहेर राहिली. येत्या काळात हजारो कार्यालये, छापखाने आणि घरे यंत्र बदलतील, आणि सिस्टीम नेता येईल का हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. सिस्टीम/३६०च्या काळात त्याचे उत्तर स्मृतीच्या तोकडेपणाने दिले होते, एक्सपीच्या काळात निर्मात्याच्या बेफिकिरीने. आज ते उत्तर विकत घेणारा मागू शकतो. नवे यंत्र घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: साठवणीची डिस्क काढता येते का, तिची किल्ली माझ्या हाती लेखी मिळेल का, आणि सिस्टीमचा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का. सरकारी कार्यालये, शाळा आणि ग्रंथालये यांनी तर खरेदीच्या निविदेत या तीन अटी घालाव्यात, कारण त्यांच्या संगणकांवर सार्वजनिक पैशाने जमवलेले काम असते. यंत्र जुने होणारच. त्यावर उभे केलेले काम पुढे नेण्याचा हक्क ते उभे करणाऱ्याचा आहे.